घरातली वीज (लेखांक ६) : गीझर, थर्मोस्टॅट आणि अँपिअरचा आकडा

मागच्या लेखात वायरची जाडी आणि प्रवाह यांचं नातं पाहिलं. आज त्याच प्रवाहाच्या वाटेवरची नाजूक जागा पाहू : स्विचचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून प्रवाह जोडणारे आणि दूर होऊन तोडणारे धातूचे तुकडे. हल्ली अनेक घरांत गीझरला टायमर किंवा मोबाइलवरून चालणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) जोडून घेतात. सोय चांगली आहे, पण त्याआधी एक भागाकार करायलाच हवा.

वॅटला व्होल्टने भागा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. पुरवठा २५० व्होल्टपर्यंत चढला, तर हाच ३००० वॅटचा गीझर १४ अँपिअरच्याही वर जातो. गीझरला ६ नव्हे, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं ते यामुळेच.

आता बाजारातल्या छोट्या रिलेवर काय छापलंय ते वाचा : १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. १३ अँपिअर म्हणजे प्रवाह ३० टक्क्यांनी जास्त. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून पॉइंट जवळजवळ ७० टक्के जास्त उष्णता सोसतात. शिवाय दर वेळी उघडताना ठिणगी पडते, पृष्ठभाग खडबडीत होतो, रोध वाढतो, पॉइंट आणखी तापतात आणि शेवटी वितळून एकमेकांना चिकटतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं, गीझर मात्र चालूच असतो. इथे १६ अँपिअरचा एमसीबीही मदतीला येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने १३ अँपिअर हा नेहमीचाच प्रवाह आहे.

त्याच रिलेवर डीसीसाठी व्होल्टेजची मर्यादा बहुधा ३० व्होल्टच असते. एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती जळत राहू शकते. गीझरचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटमध्येही असेच पॉइंट असतात, म्हणून सोलर पॅनेलची डीसी वीज गीझरच्या एसी थर्मोस्टॅटमधून कॉइलला देऊ नये.

मोठा प्रवाह हाताळायची योग्य रीत म्हणजे कामाची वाटणी. रिलेने फक्त काँटॅक्टरच्या, म्हणजे मोठा प्रवाह हाताळणाऱ्या दणकट रिलेच्या, कॉइलला हुकूम द्यायचा. गीझरचा प्रवाह २० किंवा २५ अँपिअर क्षमतेच्या काँटॅक्टरमधून जाऊ द्यायचा. अमेरिका-कॅनडात गॅस फर्नेसने घर तापवतात तिथे हीच रीत दिसते : भिंतीवरचा थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर छोट्याशा प्रवाहाने इशारा देतो, जड काम फर्नेस करते. मात्र तिथेच काही घरांत भिंतीलगतच्या हीटरचा २४० व्होल्टचा पूर्ण प्रवाह थर्मोस्टॅटमधूनच जातो. तिकडे राहणाऱ्या वाचकांनी अशा जागी २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट कधीही बसवू नये.

सर्वांत महत्त्वाचं : गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट चिकटला, तर पाणी तापतच जातं आणि वीज तोडायला उरतो तो कटआउट. तो वारंवार उडतो म्हणून कोणी ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणालं, तर ठाम नकार द्या. थर्मोस्टॅट बदलायचा तर जुन्यावरचे अँपिअर आणि व्होल्ट पाहून त्याच क्षमतेचा घ्या आणि काम मेन बंद करून जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पुढच्या आठवड्यात : अर्थिंग आणि आरसीसीबी.