महापालिकेचा नोकर कोणाचा? : दिल्लीच्या सेवाव्यवस्थेचा विचार

शासन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संसद, सचिवालय, न्यायालय अशा भव्य वास्तू उभ्या राहतात. परंतु नागरिकाच्या दाराशी जे शासन येते ते बहुधा नगरसंस्थेचे असते. पहाटे रस्ता झाडणारा सफाई कामगार, कूलरच्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणारा कर्मचारी, प्राथमिक शाळेतील शिक्षिका, वाढीव मजल्याची पाहणी करणारा कनिष्ठ अभियंता, हेच दिल्लीच्या रहिवाशाच्या लेखी सरकार होय. या माणसांची निवड कोणी केली, कोणत्या कसोटीवर केली आणि त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न वरवर रुक्ष वाटतात. पण १५ नोव्हेंबर २०१० रोजी पूर्व दिल्लीतील लक्ष्मीनगरच्या ललिता पार्क वस्तीत एक बहुमजली इमारत कोसळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतर तरी या प्रश्नांना रुक्ष म्हणणे कठीण आहे. बेकायदा मजल्यास ‘नाही’ म्हणणाऱ्या अभियंत्याला त्या एका शब्दापायी नोकरी गमवावी लागणार नाही, अशी शाश्वती असली पाहिजे. आणि ‘होय’ म्हणण्यासाठी पैसे घेणाऱ्याला ती नोकरी मुळात वशिल्याने मिळालेली नसावी. सेवाव्यवस्था नावाची जी गोष्ट आहे, ती या दोन अपेक्षांतून जन्माला आली.

ही कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडात नॉर्थकोट आणि ट्रेव्हेल्यन यांच्या १८५४ च्या अहवालाने खुल्या स्पर्धापरीक्षेचा पुरस्कार केला. अमेरिकेत निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाने नोकऱ्या वाटून घ्याव्यात, हा तर शिरस्ताच होता. नोकरी न मिळाल्याने संतापलेल्या एका इसमाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा कुठे १८८३ चा पेंडल्टन कायदा संमत झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही असा कायदा केला. तेथील शहरात टॅमनी हॉल या पक्षयंत्रणेची सत्ता पालिकेच्या नोकऱ्यांवरच पोसली गेली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आपल्या संविधानाने केंद्राच्या आणि राज्यांच्या सेवांना स्वतंत्र भाग दिला. अनुच्छेद ३११ अन्वये शासकीय सेवकाला बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून सामान्यतः बडतर्फ करता येत नाही. महापालिकेचा नोकर मात्र या अनुच्छेदाच्या छत्राखाली येत नाही. कारण तो ना केंद्राचा, ना राज्याचा. अनुच्छेद ३२१ ने एक दार किलकिले ठेवले आहे: कायदा करून लोकसेवा आयोगाचे कार्यक्षेत्र स्थानिक संस्थांच्या सेवांपर्यंत वाढविता येते. १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना नियमित निवडणुका दिल्या, राज्य वित्त आयोग दिला. त्यांच्या नोकरवर्गाविषयी मात्र ती जवळजवळ मूक आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही त्या दुरुस्तीतील सर्वांत मोठी उणीव होय.

दिल्लीने ते किलकिले दार वापरले. संसदेने संमत केलेल्या १९५७ च्या दिल्ली महानगरपालिका कायद्यानुसार ७ एप्रिल १९५८ रोजी महापालिका अस्तित्वात आली. आयुक्ताची नेमणूक केंद्र सरकारकडे राहिली. वरच्या श्रेणीतील पदांवर नेमणूक करण्यापूर्वी संघ लोकसेवा आयोगाचा सल्ला घेणे कलम ९६ ने बंधनकारक केले, आणि कलम ९५ ने कर्मचाऱ्याला कारण दाखविण्याची संधी दिली. म्हणजे अनुच्छेद ३११ चे संरक्षण मागील दाराने का होईना, पालिकेत आले. पुढे १९९६ मध्ये दिल्ली अधीनस्थ सेवा निवड मंडळ स्थापन झाले आणि शिक्षक, कनिष्ठ अभियंते, लिपिक आदींची निवड त्याच्या परीक्षांद्वारे होऊ लागली. कागदावर पाहिले तर एवढी बंदिस्त व्यवस्था भारतातील थोड्याच शहरांना लाभली असेल.

परंतु त्याच कलम ९६ मध्ये एक अपवाद आहे: एक वर्षापेक्षा अधिक नसलेल्या तात्पुरत्या नेमणुकीसाठी आयोगाच्या सल्ल्याची गरज नाही. अपवाद वाजवीच आहे. साथ पसरली असता डॉक्टर नेमण्यासाठी आयोगाच्या पत्राची वाट पाहता येत नाही. मात्र परीक्षेला जितका विलंब होतो, तितका अपवादाचा मोह वाढतो. पद रिकामे, काम तर थांबत नाही. मग तात्पुरता माणूस येतो आणि तात्पुरतेपणाचीच वर्षे मोजू लागतो.

तळाच्या पायरीवर तर अपवाद हाच नियम झाला. दिल्लीच्या सफाई खात्यात ‘एवजीदार’ नावाचा एक वर्ग आहे. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी ज्याला काम मिळते तो एवजीदार. मराठी वाचकाला या शब्दाची ओळख करून द्यायला नको. आपला ‘ऐवजी’ त्याच कुळातला, आणि आपल्याकडील ‘बदली कामगार’ हा त्याचा सख्खा भाऊ. आज काम मिळेल की नाही हे हजेरीच्या जागी गेल्यावरच त्याला कळते. हजेरी मांडणाऱ्याची मर्जी राखणे हीच मग त्याची खरी परीक्षा ठरते, आणि या परीक्षेवर कोणत्याही आयोगाची देखरेख नसते. बदलीचा रोजंदार आणि रोजंदाराचा कायम, असा प्रवास टप्प्याटप्प्याने करवून देण्याची धोरणे पालिकेने वेळोवेळी आखली. पण त्या रांगेत माणसांची उमेदीची वर्षे सरली.

१० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ या खटल्यात असा निर्णय दिला की, नियमबाह्य मार्गाने नेमलेल्यास केवळ दीर्घ सेवेच्या बळावर कायम होण्याचा हक्क पोहोचत नाही. मंजूर पदांवर दहा वर्षे वा अधिक काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्यांचा एकवार विचार करावा, एवढी सवलत मात्र दिली. तत्त्व म्हणून हा निर्णय निर्दोष आहे: समान संधीचे अनुच्छेद १४ आणि १६ पालिकेलाही लागू आहेत, आणि बाहेर ताटकळणाऱ्या उमेदवारावर अन्याय होता कामा नये. तरीही खटकणारी गोष्ट अशी की, नियम मोडला नेमणाऱ्याने आणि दंड भरला नेमलेल्याने.

२००९ मध्ये बोटांच्या ठशांवरून हजेरी घेण्याची यंत्रणा बसविली गेली, तेव्हा हजेरीपटावरील बावीस हजारांहून अधिक नावांना माणसेच सापडत नसल्याचे पालिकेने जाहीर केले. एकीकडे काम असून नाव नसलेली माणसे, तर दुसरीकडे नाव असून न सापडणारी! केवळ निवडमंडळ स्थापन केल्याने सेवाव्यवस्था उभी राहत नाही. पदे किती, त्यांवर कोण, रिकामी किती आणि केव्हापासून, याची खातरजमा केलेली नोंद हा तिचा पाया असतो. दिल्लीत पायाआधी कळस चढविला गेला.

आता विरुद्ध बाजू. झाडू मारण्यासाठी कसली परीक्षा, असे विचारले जाते आणि त्यात तथ्य आहे. लेखी परीक्षेने चांगला लिपिक निवडता येईल. गटार साफ करणाऱ्याची निवड तिने केली तर ज्याला त्या कामाची कधीच सक्ती नव्हती असा सुशिक्षित बेकार वर येईल आणि पिढ्यान्‌पिढ्या ते काम करणारा बाहेर पडेल. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसास नोकरी देण्याची पद्धत आहे. गुणवत्तेच्या तराजूत ती बसत नाही, पण एका कुटुंबाची भाकरी तीवर अवलंबून असते. जातीने लादलेले काम वारसाहक्काने पुढे चालू राहते, हा तिचा दुसरा आणि अधिक दुखरा चेहरा. या कामगाराच्या मुलाला पालिकेतच लिपिकाच्या किंवा निरीक्षकाच्या पदापर्यंत नेणारी बढतीची शिडी सेवानियमांत असेल, तर वारसाहक्काचा दंश बराच कमी होईल.

दुसरा आक्षेप लोकशाहीचा. निवड मंडळाची, आयुक्त केंद्राचा. मग लोकांनी निवडलेल्या नगरसेवकाने काय करावे? हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, कोणते काम करावे हे सभागृहाने ठरवावे, कोणत्या माणसाने करावे हे नव्हे. कोलकात्याच्या १९८० च्या कायद्यात महापालिका सेवा आयोगाची तरतूद आहे. केवळ नगरसेवांसाठी असलेला असा आयोग हा मधला मार्ग ठरू शकतो, कारण दिल्लीच्या मंडळाला राज्याच्या असंख्य खात्यांची भरतीही करावी लागते आणि पालिकेची निकड त्या गर्दीत मागे पडते.

आयोगाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट मात्र एक आहे. २०१२ मध्ये दिल्लीच्या महापालिकेचे उत्तर, दक्षिण आणि पूर्व असे तीन भाग झाले. पूर्वेकडे उत्पन्न कमी. २०१५ मध्ये थकलेल्या पगारासाठी तेथील सफाई कामगारांनी संप केला आणि पूर्व दिल्लीच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. त्या कामगारांपैकी अनेकजण कायम होते, सेवानियमांचे सारे संरक्षण त्यांना होते. पगार तेवढा नव्हता. २२ मे २०२२ रोजी तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या, आणि त्यांबरोबर तीन ठिकाणच्या ज्येष्ठता याद्याही एकत्र गुंफण्याचे काम आले.