मद्यासक्ती व कौटुंबिक पार्श्वभूमी

मद्यसेवनावरील ताबा सुटणे, मद्य न मिळाल्यास शारीरिक व मानसिक त्रास होणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही सेवन चालूच राहणे, या अवस्थेस मद्यासक्ती म्हणतात. काही कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या आढळते. त्यामुळे मद्यप्याचा मुलगा मद्यपीच होणार, अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु रक्ताचा वारसा आणि घरातील वातावरण ही दोन्ही मुलाला सामान्यतः एकाच कुटुंबातून मिळत असल्याने, कोणाचा प्रभाव किती, हे केवळ निरीक्षणाने ठरविता येत नाही. दत्तक मुले व जुळी भावंडे यांच्या अभ्यासांमुळे या प्रश्नाची उकल काही अंशी शक्य झाली.

आनुवंशिकता : डॉनल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक पुरुषांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. जन्मदात्या मातापित्यांपैकी एक मद्यासक्त असलेल्या, परंतु तान्हेपणीच त्यांच्यापासून दुरावलेल्या ५५ पुरुषांची तुलना तसा वारसा नसलेल्या ७८ दत्तक पुरुषांशी करण्यात आली. पहिल्या गटात १८ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के मद्यासक्त आढळले. वारशाचा प्रभाव यावरून स्पष्ट होतो. मात्र पहिल्या गटातीलही पाचांपैकी चार जण त्या वेळी मद्यासक्त नव्हते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जुळ्या व दत्तक व्यक्तींवरील अभ्यासांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, मद्यासक्तीच्या संभाव्यतेत व्यक्तिव्यक्तींमध्ये जो फरक आढळतो, त्यांपैकी जवळजवळ निम्मा आनुवंशिक घटकांशी निगडित असतो. हे प्रमाण समूहाला लागू पडते. त्यावरून एखाद्या व्यक्तीचे भवितव्य वर्तविता येत नाही.

वारशाने मिळते ती मद्यासक्ती नव्हे, तर तिला अनुकूल वा प्रतिकूल अशी शरीरप्रकृती होय. मद्यासक्तांच्या काही मुलांना तेवढ्याच मद्याची नशा इतरांपेक्षा कमी जाणवते, असे मार्क शुकिट यांनी दाखवून दिले. त्यामुळे थांबण्याची सूचना त्यांना शरीराकडून उशिरा मिळते. उलट पूर्व आशियातील अनेकांमध्ये ॲसिटाल्डिहाइडाचे विघटन करणारे एंझाइम दुर्बल असते. थोड्या मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो, मळमळते व छातीत धडधडते. परिणामी मद्यासक्तीपासून त्यांना काहीसे संरक्षण मिळते.

बालपणातील प्रतिकूलता : मद्यासक्त पालकाच्या घरात मुलाला बहुधा अनिश्चिततेला तोंड द्यावे लागते. ज्या वागण्याचे काल कौतुक झाले, त्यालाच आज मार मिळतो. घरातील गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे मूल लवकर शिकते. थोरल्या भावंडावर अकालीच प्रौढांची जबाबदारी येऊन पडते. दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा भीतीचा भावनांच्या नियमनावर परिणाम होतो आणि पुढे मद्य हा तात्पुरता उतारा वाटू लागतो.

व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील सॅन डिएगो येथील अभ्यासात ९,५०८ प्रौढांकडून बालपणातील छळ, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, मानसिक आजार व तुरुंगवास यांविषयी माहिती घेण्यात आली. चार किंवा अधिक प्रकारची प्रतिकूलता अनुभवलेल्यांत स्वतःला मद्यासक्त मानण्याची संभाव्यता, तसा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेने सु. सातपट आढळली. तथापि ही माहिती आठवणींवर आधारलेली होती. याउलट बॉस्टनमधील पुरुषांचा कुमारवयापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासावरून जॉर्ज व्हॅलंट यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादिले, की दुःखी बालपणापेक्षा कुटुंबातील मद्यासक्तीचा संबंध अधिक दृढ असतो. अनेकदा बालपण दुःखी होण्याचे कारणच पालकाचे मद्यपान असते. म्हणून या दोन घटकांकडे परस्परविरोधी कारणे म्हणून न पाहता एकमेकांत गुंतलेली कारणे म्हणून पाहणे उचित ठरते.

संरक्षक घटक : स्टीव्हन वोलिन व लिंडा बेनेट यांना असे आढळले, की पालक मद्यासक्त असूनही जेथे एकत्र जेवण, सणवार यांसारखे कुटुंबाचे नित्यक्रम अबाधित राहिले, तेथे मद्यासक्ती पुढील पिढीत कमी उतरली. हवाईतील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतील मद्यासक्तांच्या ४९ मुलांपैकी ५९ टक्के मुलांमध्ये वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत गंभीर समस्या उद्‌भवल्या नव्हत्या. बाल्यावस्थेत मायेने लक्ष देणारी व्यक्ती लाभणे, हे या मुलांचे एक वैशिष्ट्य होते.

उपचारांतील महत्त्व : कुटुंबियांसाठी ‘अल-ॲनॉन’ (१९५१) व किशोरांसाठी ‘अलाटीन’ (१९५७) या स्वयंसाहाय्य चळवळी अमेरिकेत सुरू झाल्या. महाराष्ट्रात सुनंदा व अनिल अवचट यांनी पुणे येथे १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाबरोबरच त्याच्या कुटुंबालाही उपचारांत स्थान दिले. पालकाचे व्यसन सुटेपर्यंत मुलाला मदत देण्याचे थांबण्याची गरज नसते. शिक्षक, आजी-आजोबा किंवा शेजारी यांच्यापैकी कोणाचाही स्थिर आधार त्याला उपयोगी पडू शकतो. पालकाच्या व्यसनाचा दोष आपला नाही, हे त्याला समजावून देणे आणि मद्याची पहिली ओळख शक्य तितकी लांबविणे, हे प्रतिबंधाचे प्रमुख उपाय होत.