चलाची व्याप्ती (व्हिज्युअल बेसिक डॉट नेट)

आज्ञावलीच्या ज्या भागात एखादे चल, अर्थात व्हेरिएबल, केवळ त्याच्या नावाने वापरता येते, त्या भागास त्या चलाची व्याप्ती म्हणतात. इंग्रजीत यासाठी ‘स्कोप’ ही संज्ञा आहे. चल कोठे घोषित केले आहे, यावरून त्याची व्याप्ती ठरते. मायक्रोसॉफ्टने २००२ साली आणलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेट या वस्तुनिष्ठ भाषेच्या आधारे ही संकल्पना पुढे स्पष्ट केली आहे.

व्याप्तीचे स्तर

‘इफ’ किंवा ‘फॉर’ यांसारख्या रचनेत घोषित केलेले चल त्या रचनेपुरतेच ओळखले जाते. जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये हा स्तर नव्हता. तेथे असे चल संपूर्ण कार्यपद्धतीत उपलब्ध असे. कार्यपद्धतीच्या आरंभी घोषित केलेले चल त्या कार्यपद्धतीत सर्वत्र, तर क्लासमध्ये परंतु कार्यपद्धतींच्या बाहेर घोषित केलेले चल त्या क्लासच्या सर्व कार्यपद्धतींत वापरता येते. क्लासच्या बाहेरून ते दिसावे की नाही, हे ‘प्रायव्हेट’, ‘पब्लिक’ इत्यादी शब्दांनी ठरते.

उदाहरण

एका खिडकीवरील बटण किती वेळा दाबले गेले, हे मोजावयाचे आहे. त्यासाठीचे चल बटणाच्या कार्यपद्धतीत ‘डिम’ने घोषित केले, तर प्रत्येक वेळी नवे चल शून्यापासून सुरू होते आणि उत्तर नेहमी १ च येते. येथे भाषेचा कोणताही नियम मोडलेला नसल्याने कंपायलर चूक दाखवीत नाही. तेच चल क्लासच्या स्तरावर नेल्यास १, २, ३ अशी मोजणी होते. मात्र त्याच क्लासच्या दोन खिडक्या उघडल्यास प्रत्येकीची मोजणी स्वतंत्र राहते; सामाईक मोजणीसाठी चल ‘शेअर्ड’ असावे लागते.

व्याप्ती आणि आयुर्मान

चल कोठे दिसते ही व्याप्ती; त्यातील मूल्य किती काळ टिकते हे आयुर्मान. या दोन गोष्टी भिन्न आहेत. वरील चल कार्यपद्धतीतच ठेवून ‘डिम’ऐवजी ‘स्टॅटिक’ने घोषित केल्यास त्याची व्याप्ती बदलत नाही, परंतु मूल्य टिकते आणि मोजणी बरोबर होते.

नाव झाकले जाणे

क्लासमधील चलाचेच नाव कार्यपद्धतीतील चलास दिल्यास आतील चल बाहेरील चलास झाकते. अशा वेळी केलेला बदल आतील चलातच होतो आणि बाहेरील मूल्य जसेच्या तसे राहते. बाहेरील चल हवे असल्यास नावापूर्वी ‘मी’ हा इंग्रजी राखीव शब्द व टिंब लिहावे लागते.

चलास आवश्यक तेवढीच, म्हणजे शक्य तितकी मर्यादित व्याप्ती द्यावी, असा सर्वमान्य संकेत आहे. मूल्य बदलू शकणाऱ्या जागा त्यामुळे कमी होतात व चूक शोधणे सोपे जाते.