मेल सर्व्हरचं प्रमाणपत्र : मागणीपासून नूतनीकरणापर्यंत
आपला सर्व्हर, आपली जबाबदारी : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण डोमेनच्या एमएक्स नोंदी पाहिल्या. आता मेल आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचते, पण वाटेत ती कुणी वाचू नये याची सोय अजून व्हायची आहे. तासगावच्या बेदाणा बाजारात अडत्याची हिशेबपट्टी, शीतगृहातल्या लॉटची यादी, परगावच्या खरेदीदाराला पाठवलेला बँक खात्याचा तपशील असं बरंच काही मेलवर जातं. ज्या पेढीने स्वतःच्या डोमेनवर मेल सर्व्हर उभा केला आहे, तिच्यावर या मजकुराची राखणही येते.

मेल पाठवण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये ठरली तेव्हा तिच्यात गुप्ततेची तरतूद नव्हती. उघडी जोडणी मध्येच सांकेतिक करून घेण्याचा ‘स्टार्टटीएलएस’ हा मार्ग १९९९ मध्ये प्रमाणित झाला. सांकेतिक जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे, हे फोनला किंवा आउटलुकला कळावं लागतं. तेच काम प्रमाणपत्र करतं.

आधी एक गैरसमज दूर करू. जीएसटी किंवा ई-निविदेसाठी घेतलेलं यूएसबी टोकनवरचं डीएससी इथे चालत नाही. ती व्यक्तीची सही असते. सर्व्हरचं प्रमाणपत्र नावाला, म्हणजे डोमेनला मिळतं.

पहिलं पाऊल सर्व्हरवरच उचलायचं. ओपनएसएसएल वापरून खासगी चावी तयार करायची आणि तिच्या आधारे मागणीपत्र, म्हणजे सीएसआर, बनवायचं. त्यात फक्त सार्वजनिक चावी आणि सर्व्हरची नावं असतात. प्रमाणपत्र देणाऱ्या प्राधिकरणाकडे जातं ते मागणीपत्र. खासगी चावी सर्व्हरबाहेर जाऊ द्यायची नाही आणि तिची फाइल मुख्य प्रशासकाखेरीज कुणालाही वाचता येता कामा नये. ‘चावी आम्हीच बनवून मेलवर पाठवतो’ असं कुणी सांगितलं, तर स्पष्ट नकार द्या.

नावाच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. समजा, सर्व्हरचं नाव ‘मेल डॉट आमचीपेढी डॉट इन’ आहे. मग प्रमाणपत्रातही हेच नाव हवं आणि कर्मचाऱ्यांच्या फोनमध्येही हेच भरलेलं हवं. कुणी नुसतं डोमेन किंवा आयपी पत्ता भरला, तर प्रमाणपत्र निर्दोष असूनही इशारा येणारच. एकापेक्षा जास्त नावं वापरात असतील, तर ती सगळी मागणीतच द्या.

डोमेन तुमचंच आहे, याची खात्री प्राधिकरण करून घेतं. बऱ्याच मेल सर्व्हरवर वेबसाइट नसते. अशा वेळी डीएनएसमध्ये सांगितलेली नोंद टाकून पडताळणी करणं सोपं जातं. त्याच बैठकीत सीएए नोंदही करून टाका. तुमच्या डोमेनला प्रमाणपत्र कुणी द्यायचं, हे ती ठरवते आणि सप्टेंबर २०१७ पासून ती तपासणं प्राधिकरणांना बंधनकारक आहे. तिचं महत्त्व समजायला आपल्याच देशातलं उदाहरण आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गुगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं आणि एनआयसीची मध्यस्थ प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

प्रमाणपत्र हाती आलं की ते मध्यस्थ प्रमाणपत्रासह, म्हणजे आपल्या प्रमाणपत्राला प्राधिकरणाच्या मूळ प्रमाणपत्राशी जोडणाऱ्या दुव्यासह, बसवायचं. फाइलमध्ये आधी आपलं, त्याखाली मध्यस्थाचं, असा क्रम. मध्यस्थ राहिलं तर काही संगणक ते स्वतः शोधून घेतात आणि काम चालल्यासारखं दिसतं, पण त्याच वेळी एखाद्या फोनवर मेल उघडत नाही. पोस्टफिक्स मेलची ने-आण करतं आणि डोव्हकॉट पेटी उघडून देतं. दोघांच्या सेटिंग स्वतंत्र आहेत, म्हणून प्रमाणपत्राचा आणि चावीचा मार्ग दोन्हीकडे भरा आणि दोन्ही सेवांना नवी सेटिंग वाचायला लावा. मग कार्यालयाबाहेरच्या जोडणीवरून २५, ५८७, ४६५ आणि ९९३ यांपैकी जे पोर्ट वापरात आहेत, त्या प्रत्येकावर प्रमाणपत्रातलं नाव, साखळी आणि मुदत तपासा.

काम इथे संपत नाही. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ च्या अखेरीस मोफत प्रमाणपत्रं सर्वांसाठी खुली केली, तीही ९० दिवसांच्या मुदतीची. विकतच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदतही कमी होत चालली आहे. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस, असं ठरलं आहे. वहीत तारीख लिहून हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस सरले. सर्टबॉटसारख्या साधनाकडे हे काम सोपवा आणि नूतनीकरणानंतर पोस्टफिक्स व डोव्हकॉट आपोआप ताजे होतील अशी आज्ञा जोडा. ही आज्ञा विसरली, तर नवं प्रमाणपत्र डिस्कवर पडून राहतं आणि सर्व्हर जुनंच दाखवत बसतो.

प्रमाणपत्राची मर्यादाही ओळखून राहा. ते जोडणी राखतं, पाठवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची हमी देत नाही. ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी खोटी मेल पूर्ण सांकेतिक जोडणीवरूनही येऊ शकते. बनावट प्रेषक ओळखण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी लागतात. त्या पुढच्या लेखांकात पाहू.

मुदत संपलेलं प्रमाणपत्र आठवडाभर तसंच राहिलं की कर्मचारी इशाऱ्यावर ‘पुढे चला’ दाबायला शिकतात. ती सवय एकदा लागली की खरोखर कुणी मध्ये शिरलं, तरी बोट त्याच बटणावर जातं. म्हणून प्रत्येक पेढीने दोन गोष्टी ठरवाव्यात : प्रमाणपत्राची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी आणि इशारा दिसला की बटण न दाबता आधी त्या माणसाला फोन करावा. आपल्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, हे आजच पाहून घ्या.