दुर्गेच्या पोटातली सुतळी

संपादकांनी मला पाठवलं होतं ते कोलकात्याच्या आर्ट गॅलऱ्यांवर लिहायला. कारखाने बंद पडत चाललेलं हे शहर आता कलेचं शहर म्हणून नाव काढतंय, ते बघून ये, एवढंच त्यांचं सांगणं होतं. गॅलऱ्या पाहिल्या. १९९३ पासूनची सीमा, २००९ मध्ये सुरू झालेली एक्सपेरिमेंटर, २०१८ साली ईएम बायपासवर उभं राहिलेलं कोलकाता सेंटर फॉर क्रिएटिव्हिटी. २०२४ च्या हिवाळ्यात शांतिनिकेतन आणि कोलकाता मिळून पहिलं बंगाल बिएनालेही झालं. सगळं मनापासून केलेलं आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझे चार दिवसांपैकी तीन दिवस मात्र कुमारटुलीत गेले, आणि त्यातला बराच वेळ एका माणसाच्या हातातली सुतळी बघण्यात.

कुमारटुली उत्तर कोलकात्यात, बागबाजारला लागून, हुगळीच्या काठावर. मराठी माणसाची आणि या भागाची जुनी ओळख आहे, पण ती भीतीची. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये घुसल्या, तेव्हा कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. फौजा शहरापर्यंत पोचल्या नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही पाटी अजून आहे. ती ओलांडून कुंभारांच्या गल्लीत शिरताना मला क्षणभर अवघडल्यासारखं झालं.

गल्ली दोन माणसं जेमतेम जातील एवढी. भाद्रपदातला पाऊस, डोक्यावर निळी ताडपत्री, दोन्ही बाजूंना उघड्या खोल्यांमधून बिनमुंडक्याच्या देवी दाटीवाटीनं उभ्या. माती वाळत नाही म्हणून एक पोरगा ब्लोलॅम्पची ज्योत एका सिंहाच्या पाठीवरून फिरवत होता. त्याच्या शेजारी तो बसला होता. साठीच्या आसपासचा, कमरेला गमछा, बनियनला पेंढ्याची कुसं चिकटलेली. तो मूर्तिकार नव्हे. मूर्तिकार म्हणजे कारखान्याचे मालक, पालबाबू. महालयेला, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, देवीचे डोळे ते रेखणार. हा पेंढा बांधणारा. नदिया जिल्ह्यातल्या गावाहून रथयात्रेच्या सुमाराला येतो. त्याच दिवशी इथं काठामोची पूजा होते. काठामो म्हणजे बांबू-लाकडाचा सांगाडा.

भाताच्या पेंढ्याची एक मूठ घ्यायची, जमिनीवर आपटून बुडखे एका रेषेत आणायचे. ती बांबूला लावून धरायची. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं उजव्या मुठीत. डावा हात पेंढा वळवत राहतो, उजवा फिरतो आणि बोटाबोटाच्या अंतरावर वेढे पडत जातात. मी आधी समजत होते की हे नुसतं भरणं आहे, शिल्प पुढे मातीतून होणार. तासभर बघितल्यावर कळलं की शिल्प इथंच होतंय. कमरेशी तो सुतळी करकचून ओढत होता, छातीशी सैल सोडत होता. मांडीवर वेढे तिरके, म्हणजे पाय पुढे टाकल्याचा डौल येतो. दहा हातांच्या दहा पेंढ्या वेगळ्या, प्रत्येकीचा खांद्याकडचा वाक वेगळा. हातात ना चित्र, ना माप. कमरेचा बाक तुम्हाला कसा कळतो, असं मी विचारलं. “दिदी, सुतळी सांगते,” म्हणाला. ओढ बसली की तिचा आवाज बदलतो, असं त्याचं म्हणणं. मी कान देऊन ऐकलं. खरंच बदलतो.

मातीची पाळी यानंतर. नदीतून होडीनं येणाऱ्या चिकट एंटेल मातीत तूस कालवून पहिला थर. वाळून तडे गेले की मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या. मग बारीक बेले मातीचा हात. चेहरा साच्यातून काढून बसवायचा, बोटं वेगळी घडवून चिकटवायची. मग खडूचा पांढरा हात, चिंचोक्याची खळ, रंग, आणि नंतर केस. दुर्गेचे केस तागाचे असतात, काळे रंगवून विंचरलेले. हावडा जिल्ह्यातली मुसलमान कुटुंबं ते पिढ्यान्‌पिढ्या बनवत आली आहेत.

आपल्याकडे पीओपीबंदीचा वाद निघाला की एक प्रश्न हमखास येतो: मोठा गणपती मातीचा कसा होणार? शाडू जड, उंची वाढली की तडकतो. लालबाग-परळच्या कार्यशाळांनी त्यावर प्लास्टर आणि काथ्या हा तोडगा काढला. कुमारटुलीकडे याच प्रश्नाचं फार जुनं उत्तर आहे. दुमजली उंचीची देवी मातीची असू शकते, कारण माती नुसती वरवर आहे. आत पेंढा, आणि पेंढ्याला धरून ठेवणारी सुतळी. प्लास्टिकची दोरी स्वस्त पडते, पण ती निसटते आणि तिला माती धरत नाही. तागाचा धागा खरखरीत असतो, ओल पितो. म्हणून दुर्गेच्या पोटात तागच लागतो, आणि डोक्यावरही ताग.

या शहराला श्रीमंत केलं तेही तागानंच. हुगळीच्या काठी रिशड्याला १८५५ साली पहिली गिरणी निघाली आणि पुढे नदीच्या दोन्ही तीरांवर मैलोन्‌मैल चिमण्या उभ्या राहिल्या. फाळणीनं शेतं पलीकडे गेली, गिरण्या अलीकडे उरल्या. मग प्लास्टिकची पोती आली, संप आले, टाळेबंद्या आल्या. बाकीचे उद्योगही ढासळत गेले. २०१४ साली उत्तरपाड्यात अ‍ॅम्बॅसॅडर गाडी निघणं थांबलं. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काय झालं ते आपण पाहिलंय. चिमण्यांच्या जागी टॉवर आले आणि गिरणी मनातूनही पुसली गेली. इथं बऱ्याच गिरण्या रडतखडत चालू आहेत, गेटवर अधूनमधून ‘सस्पेन्शन ऑफ वर्क’ची नोटीस लागते, काही महिन्यांनी निघते.

कला या शहराला आत्ता सुचलेली नाही. सरकारी कला महाविद्यालय १८५४ चं. दुष्काळाच्या वर्षी, १९४३ मध्ये, कलकत्ता ग्रुप उभा राहिला, मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या चार वर्षं आधी. अलीकडे बदललंय ते एवढंच की कला गॅलरीतून निघून मोहल्ल्याच्या मांडवात येऊन बसली. २००१ साली बोसपुकुरच्या शीतला मंदिराजवळ बंधन राहा यांनी चहाच्या मातीच्या भांड्यांचा अख्खा मांडव उभारला आणि ‘थीम पूजे’ची लाट आली. भवतोष सुतार, सुशांत पाल यांच्यासारखे कलावंत वर्षभर एकेका मांडवावर खपतात. २०२० च्या लॉकडाउनच्या वर्षी बरिशा क्लबनं दुर्गा घडवली ती उघड्या पायांनी लेकरू कडेवर घेऊन घरी निघालेली मजूर आई. रिंटू दास यांची कल्पना, पल्लब भौमिक यांचं शिल्प. फोटोतसुद्धा तिच्या पाठीकडे बघून माझ्या घशाशी आवंढा आला होता. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोनं कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ब्रिटिश कौन्सिलच्या पाहणीनं २०१९ च्या पूजेभोवतीची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये मांडली, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांहून जास्त.

हा आकडा मी पेंढा बांधणाऱ्याला सांगितला नाही. तोंडातून निघेना.

कारण त्याचा हिशेब वेगळा. त्याला रोजानं पैसे मिळतात आणि रोज फक्त पावसाळ्याचे. पालबाबूंचंही फार वेगळं नाही. पूजा समिती बयाणा देते, तो माती-बांबूत जातो, उरलेल्या कामासाठी कर्ज काढायचं, आणि मूर्ती मांडवात पोचल्यावर बाकीच्यासाठी खेटे घालायचे. मूर्तीचा भाव ठरवताना समिती घासाघीस करते. रोषणाईच्या वेळी करत नाही. २००९ च्या सुमाराला कुमारटुलीचा पुनर्विकास ठरला होता, पक्क्या कार्यशाळा मिळणार होत्या. काही कारागीर तात्पुरते म्हणून गोदामात हलवलेही गेले. योजना रखडली ती रखडलीच. पालबाबूंचा मुलगा बंगळूरला नोकरीला आहे. त्याला हात आहे, असं ते म्हणाले आणि विषय बदलला.

थीमच्या कलावंतांविषयी मला आदर आहे, तरी एक गोष्ट खुपली. मांडवाबाहेर बोर्डावर संकल्पना, प्रकाश, संगीत, सगळ्यांची नावं असतात. पेंढा बांधणाऱ्याचं नाव मी कुठल्याच बोर्डाच्या फोटोत पाहिलं नाही. फायबरची मूर्ती करायची तर तो लागतही नाही. फायबर टिकतं, परदेशी पाठवता येतं, संग्रहालयात ठेवता येतं. कलेचं शहर म्हणून नाव वाढतंय तसं टिकणाऱ्या मूर्तीला मोल येतंय, आणि याचं कसब तर बुडवण्यासाठीच्या मूर्तीचं. या गल्लीत हे बांधणं शिकणारं तिशीच्या आतलं मला कोणी भेटलं नाही. तोही पुढच्या वर्षी येईल की नाही, ठाऊक नाही. गुडघे धरतात, अंगठ्याला सुतळीनं कायमची खाच पडली आहे. त्यानं ती दाखवली नव्हती, मलाच दिसली.

त्याचा थोरला भाऊ पलीकडच्या तीरावर ताग गिरणीत होता. गिरणी चार वेळा बंद झाली, तीन वेळा उघडली. तुमची सुतळी तिथलीच का, असं मी विचारलं. बडाबाजारातून येते, कुठल्या गिरणीची ते कोण विचारतो, म्हणाला.

निघायच्या दिवशी तो एका जुन्या काठामोवर काम करत होता. विसर्जनानंतर पोरं नदीतून सांगाडे ओढून काढतात, ते इथं परत विकले जातात. लाकूड काळं पडलेलं, गाळ सुकून पापुद्रे झालेले, पेंढा कुजून गेलेला. पण गेल्या वर्षीचे वेढे जागच्या जागी होते, आत काहीच नसताना कमरेचा आकार धरून. ते उलगडता येत नाहीत. त्यानं कोयती घेऊन एकेक कापायला सुरुवात केली.