घरीं विजेची मोटार सावकाश कां भरते?

विजेवर चालणारी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांची संख्या आपल्याकडे वाढूं लागली, तशी एक नवी गृहचिंताही वाढूं लागली आहे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मोटार प्लगला लावावी व सकाळीं ती पूर्ण भरलेली मिळावी, अशी सर्वांची अपेक्षा असते. आणि सकाळीं पाहावें तों आंकडा निम्म्यावरच रेंगाळलेला! मग घरांतील मंडळींचा पहिला संशय बॅटरीवर जातो. ती मोटारींतील सर्वांत महाग वस्तु असल्यामुळें संशयाबरोबर धास्तीही येते. वास्तविक पुष्कळदां बॅटरी अगदीं निरपराध असते. दोष तिच्यापर्यंत वीज पोंचविणाऱ्या वाटेंत कोठें तरी दडलेला असतो, व तो हुडकून काढणें सुशिक्षित गृहस्थास किंवा गृहिणीस मुळींच अशक्य नाहीं.

परंतु दोष कोठें आहे हें पाहण्यापूर्वीं दोष आहे कीं नाहीं, हें ठरविलें पाहिजे; आणि तें शाळेंत शिकलेल्या त्रैराशिकानें ठरतें. २०२० सालीं बाजारांत आलेल्या पहिल्या नेक्सॉन विजेच्या मोटारीचें उदाहरण घेऊं. तिच्या बॅटरींत ३०.२ युनिट वीज मावते. ज्या मोठ्या सॉकेटवर आपण गीझर चालवितों, त्यांतून १५ अँपियर प्रवाह घेतला व दाब २३० व्होल्ट असला, तर तासास साडेतीन युनिटांच्या किंचित् आंत वीज मिळते. मोटारीच्या पोटांतील यंत्र ३.३ किलोवॅटहून अधिक घेत नाहीं, आणि घेतलेल्यापैकीं दहावा भाग किंवा थोडा अधिक वाटेंत उष्णता होऊन जातो. म्हणजे बॅटरींत तासास तीन युनिट पडलीं, कीं काम चोख चाललें आहे असें समजावें. रिकामी मोटार भरण्यास दहा तास लागणारच. तिचीच मोठी बहीण २०२२ सालीं आली, तिच्या पोटांत ४०.५ युनिट मावतात. साध्या सॉकेटवर तिला चौदा-पंधरा तास लागले, तर त्यांत नवल नाहीं. तक्रार करणाऱ्यांपैकीं कित्येकांची तक्रार या हिशेबापाशींच संपते.

मोटारींत वीज किती वेगानें शिरावी, हें तिघे जण मिळून ठरवितात, आणि त्या तिघांत जो दुबळा, त्याचेंच म्हणणें चालतें. पहिली घरची वीजवाहिनी. दुसरी भिंतीवरची किंवा तारेबरोबर मिळालेली पेटी. आणि तिसरें, घरच्या उलटसुलट प्रवाहाचें बॅटरीस मानवणाऱ्या एकमार्गी प्रवाहांत रूपांतर करणारें, मोटारींतच बसविलेलें यंत्र. शेजाऱ्यानें ७.२ किलोवॅटची पेटी बसविली म्हणून आपणही बसविली, पण मोटारींतील यंत्र ३.३ किलोवॅटचेंच असलें, तर पैसे भिंतीवर टांगून ठेवल्यासारखें होतें. तीन फेजची ११ किलोवॅटची पेटी तर अधिकच फसवी. ती प्रत्येक फेजवर १६ अँपियर देते. एकाच फेजवर चालणारी मोटार तिला जोडली, तर मोटारीच्या वांट्यास तिसरा हिस्सा येतो.

ही पेटी आणि मोटार यांचें आपसांत बोलणें होत असतें, हेंही गमतीचें आहे. जाड तारेंतील एका बारीक वाहकावरून पेटी सेकंदास एक हजार स्पंदनें पाठविते. प्रत्येक स्पंदनांत दाब किती वेळ चढता राहिला, यावरून आपणांस किती अँपियर घेण्याची मुभा आहे, हें मोटार ओळखते. दहा टक्के वेळ चढता असला तर ६ अँपियर, पन्नास टक्के असला तर ३०. मोटार त्याहून कमी घेईल, अधिक घेणार नाहीं. अशी मर्यादाशील पाहुणी विरळाच!

आतां खऱ्या दोषांकडे वळूं. आमच्या परिचयांतील एक एकत्र कुटुंब भोर येथें जुन्या वाड्यांत राहतें. घरांतील सासूबाईंना पुण्यास रेडिएशनचे उपचार सुरू झाले. आठवड्याचे पांच दिवस, असे सहा आठवडे. जाऊन येऊन सुमारें एकशेंदहा किलोमीटरचा प्रवास. त्यास साडेसोळा युनिट लागत. मोटार रात्रीं आठाला प्लगला लावावी व सकाळीं सातास काढावी, असा क्रम होता. अकरा तासांत तेहतीस युनिट पडावयास हवींत, म्हणजे चिंतेचें कारणच नव्हतें. परंतु दुसऱ्या आठवड्यापासून त्या अकरा तासांत बाराच युनिट पडूं लागलीं.

रोज साडेचार युनिटांची तूट ही दिसावयास लहान. पण तिचा हिशेब सावकाराच्या व्याजासारखा चालतो. सोमवारीं सकाळीं तीस, मंगळवारीं साडेपंचवीस, बुधवारीं एकवीस, गुरुवारीं साडेसोळा, आणि शुक्रवारीं बारा. म्हणजे गुरुवारीं मोटार जेमतेम घरीं पोंचावी, व शुक्रवारीं तिनें वाटेंतच मान टाकावी. घरीं गंभीर विचारविनिमय सुरू झाला. थोरल्या दिरांचें मत, बॅटरी गेली, आतां मोटार विकून टाकावी. धाकट्यांचें मत, भाड्याची गाडी ठरवावी. ज्यांच्यासाठीं हें सर्व चाललें होतें, त्या सासूबाई मात्र हंसून म्हणाल्या, “अगं, माझ्या दुखण्याची धास्ती घेऊन मोटारीलाच ताप आला वाटतं!”

सून महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविते. तिनें वाद न घालतां वही घेतली. घरांतील इतर सर्व बटनें बंद करून तिनें वीजमंडळाच्या मीटरवरील आंकडा एक तासाच्या अंतरानें दोनदां लिहून घेतला. मोटारीच्या पडद्यावरील अंदाजापेक्षां हा आंकडा अधिक विश्वासू, कारण त्यावर बिल येतें. तासांत तीनहून अधिक युनिट जावयास हवीं होतीं, गेलीं १.४ च्या आसपास. म्हणजे वीज बॅटरींत शिरून नाहींशी होत नव्हती. ती घरांतून निघतच नव्हती. दुसरी गोष्ट तिनें अशी टिपली कीं, प्लग लावल्यावर पहिलीं दहा-पंधरा मिनिटें मोटार पूर्ण वेगानें वीज घेते व मग एकदम वेग खालीं येतो. आरंभीं ठीक आणि नंतर मंद, हें लक्षण पाहिलें कीं उष्णतेचा संशय घ्यावा. तिनें सॉकेटच्या चौकटीजवळ हात नेला, तों ती चटका बसण्याइतकी तापलेली! “आई, ताप मोटारीला नाहीं, आपल्या भिंतीला आला आहे,” असें तिनें सासूबाईंना सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं जाणता वायरमन बोलावून मोजमाप केलें. मीटर देवडींत आणि मोटार परसांत. मधली तार तीस मीटर लांब व अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी साठ मीटर धरावयाची. अशा तांब्याच्या तारेंतून १४ अँपियर वाहूं लागले, कीं सुमारें सहा व्होल्ट दाब वाटेंतच खर्च होतो. प्रत्यक्षांत मोटारीच्या सॉकेटवर दहा व्होल्ट कमी भरले. उरलेले चार व्होल्ट कोठें गेले? सॉकेट उघडल्यावर उत्तर मिळालें: तार धरून ठेवणारा एक स्क्रू सैल झाला होता व भोंवतालचें आवरण तपकिरी पडलें होतें. चार व्होल्ट म्हणजे कांहींच नव्हे असें वाटेल. परंतु त्यांस १४ अँपियरनीं गुणलें म्हणजे ५६ वॅट होतात. रेडिओ दुरुस्त करणारा झाळकामासाठीं जी तापलेली कांडी वापरतो, तिला साधारण इतकीच वीज लागते. तशी कांडी लाकडी वाड्याच्या भिंतींत रोज रात्रभर पेटती ठेवली होती, असाच याचा अर्थ! त्या कुटुंबाच्या सुदैवानें त्यांच्या तारेच्या प्लगांत उष्णता ओळखणारा भाग होता. चौकट तापतांच तो प्रवाह १४ वरून ६ अँपियरवर आणीत असे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूल यांचा १८४१ सालचा नियम येथें उपयोगीं पडला: ६ अँपियरला उष्णता पूर्वीच्या पांचव्या हिश्श्याहूनही कमी होते. ज्या मंदपणाला सारें घर नांवें ठेवीत होतें, तोच मंदपणा घराचें रक्षण करीत होता. सर्वच तारांत अशी सोय नसते, हें मात्र विसरूं नये.

मीटरपासून परसापर्यंत सहा चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, तिच्यासाठीं वेगळें एम.सी.बी., वीज गळूं लागतांच प्रवाह तोडणारें संरक्षक बटन व भक्कम बांधणीचें सॉकेट, इतकी व्यवस्था केल्यावर मोटार पुन्हां तासास तीन युनिट घेऊं लागली. उपचारांचा एकही दिवस चुकला नाहीं. मधले दोन दिवस पुण्यांतील सार्वजनिक केंद्रावर तासभर थांबावें लागलें इतकेंच.

अशी स्वतंत्र तार ओढणें ताबडतोब शक्य नसेल, तर मोटारींत किंवा पेटींत प्रवाह १० अँपियरवर मर्यादित करण्याची सोय बहुधा असते. त्यानें उष्णता निम्म्यावर येते. पण सैल किंवा करपलेल्या सॉकेटवर हा उपाय चालवूं नये. तें आधीं बदलावें. गुंडाळीच्या एक्स्टेन्शन तारेवर मोटार लावणें तर सर्वथा वर्ज्य समजावें.

अर्थिंगविषयीं दोन शब्द अधिक लिहितों, कारण येथें प्रश्न वेळेचा नसून जिवाचा आहे. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोंकाला पुष्कळदां तारच नसते. चांगली पेटी तें ओळखून मोटार भरण्याचें नाकारते. तेव्हां घाईचा वायरमन न्यूट्रल व अर्थ हे सॉकेटमध्येंच एकमेकांस जोडून देतो, पेटी फसते, आणि मालक खूष होतो. पुढें केव्हां न्यूट्रलची तार तुटली, तर मोटारीच्या लोखंडी अंगांत वीज उतरूं शकते. ओल्या परसांत अनवाणी फिरणारीं मुलें आणि तुळशीला पाणी घालणाऱ्या बायका ज्या घरांत आहेत, त्या घरानें असली युक्ति खपवून घेऊं नये. जमिनींत स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावें व तें मोजून घ्यावें.

बाकीचीं कारणें किरकोळ आहेत. खेड्यांत संध्याकाळीं दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला, तर तोच १५ अँपियर प्रवाह साडेतीनऐवजीं तीनच किलोवॅट देतो. मध्यरात्रीनंतर मोटार लावून पाहावी. गीझर, एअर कंडिशनर व मोटार एकाच वेळीं चालवावयाचीं असतील, तर मंजूर भार वाढवून घेण्यासाठीं वीज कंपनीकडे अर्ज करावा. कधीं कधीं घरांतील चिरंजीव मोबाइलवरून पहाटे दोनची वेळ किंवा ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावून ठेवतात, आणि वडील मंडळी वायरमनला बोलावतात! परदेशांतील आपल्या मुलांची तक्रार मात्र निराळी असते. कॅनडांत थंडीच्या दिवसांत बॅटरी गोठणबिंदूखालीं गेली, तर मिळालेल्या विजेपैकीं बरीच ती स्वतःस ऊब आणण्यांत खर्च करते. मोटार फिरून आल्यावर, बॅटरी उबदार आहे तोंवरच, प्लगला लावणें हा तेथें चांगला उपाय आहे.

शेवटचे दोन-तीन टक्के भरतांना मोटार मुद्दामच हळू चालते. बॅटरींत लहान लहान अनेक घट असतात. ते सर्व सारख्या पातळीवर आणण्याचें काम त्या वेळीं चाललेलें असतें. तेवढ्यासाठीं कोणीं जागत बसूं नये.