जुनेराचा भाव

गेल्या थंडीच्या तोंडाशी, आमच्या पेठेत मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देणाऱ्या एका मावशींकडे मी काही कामानिमित्त गेलो असता, त्या दारातल्या उजेडात बसून नुकत्याच आणलेल्या कोऱ्या कापडाचा एक कोपरा पाण्यात बुचकळून तळहातांत चोळीत होत्या, आणि पातेल्यातले पाणी पाहता पाहता पेजेसारखे पांढुरके होत होते. “बघा दादा, कापडाच्या भावानं खळ विकत घेतली मी,” असे म्हणून त्यांनी तो कोपरा पिळून उजेडाकडे धरला, तेव्हा त्याच्या विणीतून समोरच्या वाण्याच्या दुकानाची पाटी मला वाचता आली.

महागाई म्हणजे भावाच्या फलकावरचा आकडा वाढणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु आकडा होता तिथेच ठेवून सूत बारीक करावे, वीण विरळ करावी आणि उणीव खळीने भरून काढावी, ही तिची दुसरी आणि अधिक धूर्त चाल आहे. साडी नेसणाऱ्याला ती दोन-चार धुण्यांनंतर कळते. गोधडी शिवणाऱ्या बाईला मात्र ती तत्क्षणी कळावी लागते, कारण तिचा जिन्नस वर्षानुवर्षे अंगाखाली चुरगळला जाणार असतो व त्याच्या टिकाऊपणाची हमी तिच्या शब्दाखेरीज अन्य कोणत्याही दस्तऐवजावर नसते.

कापडाचा भाव का चढतो याचा शोध घेऊ गेल्यास आपण दुकानातून थेट काळ्या मातीत जाऊन पोहोचतो. रुईचा घाऊक व्यवहार खंडीवर चालतो आणि एक खंडी म्हणजे 356 किलो; 2021 च्या आरंभी जी खंडी पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास मिळत होती, तिने 2022 च्या मे महिन्यात एक लाखाची मर्यादा ओलांडली. त्याच सुमारास परदेशी कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क, जे 2021 च्या अर्थसंकल्पात बसविले होते, ते सरकारने काही महिन्यांपुरते माफ केले; 2025 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तीच तजवीज झाली. पुढे रुई उतरली, तरी कापड त्या मानाने उतरले नाही, आणि त्यात नवल करण्यासारखेही काही नाही. सरकी काढण्यापासून सूतगिरणीपर्यंत, तिथून इचलकरंजी, भिवंडी वा मालेगावच्या मागावर, मग रंगाईच्या हौदातून व्यापाऱ्याच्या वखारीत असा जो प्रवास ताग्याला घडतो, त्याच्या प्रत्येक मुक्कामी वीज, कोळसा, रंग, व्याज आणि गाडीभाडे यांची पुटे चढत जातात, व एकदा चढलेले पूट सहसा खरवडले जात नाही.

इथे एक विपर्यास नमूद केल्यावाचून राहवत नाही. विदर्भातल्या एखाद्या खेड्यात ज्या घरी कपाशी पिकते, त्याच घरी ओसरीवर सासूबाई गोधडी शिवीत बसलेल्या असतात. शुल्क माफ झाले म्हणजे अस्तराचा भाव थोडाफार उतरण्याची आशा सासूबाईंना वाटावी, आणि त्याच बातमीने मुलाच्या पोटात गोळा यावा, असे एका छपराखालचे अर्थशास्त्र आहे. त्यात कोणाची बाजू घ्यावी हे मला आजवर उमगलेले नाही.

वस्तुतः गोधडी हे महागाईचेच अपत्य. फाटलेल्या वस्त्रातून उरलेले आयुष्य काढून घेण्याची ही विद्या पश्चिम महाराष्ट्रात वाकळ म्हणून, बंगालात कांथा म्हणून आणि उत्तर कन्नडच्या सिद्दी स्त्रियांमध्ये कवंदी म्हणून नांदते. दुसऱ्या महायुद्धात कापडाचे भाव भडकून 1943 मध्ये त्यावर सरकारी नियंत्रण आले, त्या काळाच्या गोष्टी माझी आजी सांगत असे. घरात पुरुषांच्या धोतराची जी चिंधी पूर्वी दिव्याच्या वातीला जायची, ती त्या वर्षांत गोधडीच्या पोटात जाऊ लागली आणि वातीसाठी मात्र शेतातला कापूस वळावा लागला, असे तिचे म्हणणे. त्या गोधडीला कापडाचा खर्च असा नव्हताच. तो आला, शहरातल्या गिऱ्हाइकाला कोऱ्या सुती कापडाची, एका रंगसंगतीची गोधडी हवीशी वाटू लागली तेव्हापासून. आणि तेव्हापासूनच शिवणारणीला कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसावे लागले.

तो हिशेब करण्यात मावशी मोठ्या वाकबगार आहेत. पाच फूट रुंद व साडेसात फूट लांब अशी गोधडी घेतली, तर 44 इंच पन्ह्याचे कापड एका तुकड्यात पुरत नाही. दोन लांब्या जोडाव्या लागतात, म्हणजे शिवणीचे आणि आटण्याचे सोडले तरी एका थराला 4.6 मीटर. समजा तो ताका 120 रुपये मीटरचा असेल, तर 552 रुपये झाले. त्याच दुकानात शेजारी 60 इंच पन्ह्याचा ताका 150 रुपयांना असेल, तर दिसायला महाग, परंतु 2.3 मीटरमध्ये काम भागते व 345 रुपये पडतात. गिऱ्हाईक मीटरचा भाव विचारते. मावशी आधी पन्हा विचारतात. अर्थात अरुंद कापडाची उरलेली 28 इंची पट्टीही त्या फेकीत नाहीत, तिच्यातून दुसऱ्या गोधडीची किनार निघते, पण त्यासाठी आधी पैसे अडकून पडतात आणि अडकायला पैसे असावे लागतात. वरचा थर त्या शिंप्यांकडच्या कात्रणांतून जुळवितात, जी वजनावर मिळतात. खालचे अस्तर, जे अंगाला लागते, ते तेवढे चांगले घेतात. आणि कोणतेही कोरे कापड एकदा भिजवून, आटवून, वाळवून घेतल्याखेरीज त्याला कात्री लावीत नाहीत, कारण अस्तर आटले आणि वरचा थर आटला नाही, की पहिल्याच धुण्यात गोधडी तळलेल्या पापडासारखी वाकडी होते.

एवढे सारे करूनही जी बेरीज उरते, तिच्यातला एक रकाना मला नेहमी अस्वस्थ करतो. साठ इंच रुंदीत अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर त्या 120 होतात. प्रत्येक ओळ अडीच वारांची, म्हणजे एका गोधडीत तीनशे वारांची शिवण, आणि इंचाला तीन टाके धरले तर 32,400 टाके. दोरा दुहेरी असल्याने तो सहाशे वारांहून अधिक लागतो, तोही महागला आहे, पण ते असो. या बत्तीस हजारांचा दर काय, असे मी मावशींना विचारले तेव्हा त्या हसल्या. कापडाची पावती असते, दोऱ्याची असते, बससाठी तिकीट असते. टाक्यांची पावती कोण देणार? गिऱ्हाईक दारात येऊन “मावशी, जरा कमी करा की, मागल्या वर्षी शेजारच्या वहिनींना एवढ्यालाच दिलीत” असे म्हणते, तेव्हा कापडवाला आपला भाव सोडीत नाही, दोरेवाला सोडीत नाही, आणि सोडता येण्यासारखी एकच रक्कम मावशींच्या ओंजळीत उरते. वाढलेली किंमत दोन वर्षे त्यांनी गिऱ्हाइकाला कळूच दिली नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या बोटांतून वळती केली होती. आता मात्र त्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर कापड, दोरा व मजुरी असे तीन रकाने लिहून तो दाराशी टांगला आहे. त्याने दोन गिऱ्हाइके तुटली, हेही खरे.

तथापि मावशींच्या मते या धंद्यातली खरी टंचाई निराळीच आहे. गोधडीच्या पोटात जे जुनेर लागते, ते बाजारात कोऱ्या ताग्यातून कापून मिळत नाही. दहा वर्षे नेसलेल्या, शेकडो वेळा दगडावर आपटलेल्या सुती लुगड्याला जो मऊपणा येतो, तो कोणत्याही गिरणीला आजवर साधलेला नाही. आणि अशी लुगडी आता नेसतो कोण? गेल्या चार-पाच दशकांत घरोघर कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, ज्या फाटत नाहीत, विटत नाहीत, घाम शोषीत नाहीत, आणि ज्यांच्या थरावर थर ठेवले की सुई अडते व थर एकमेकांवरून घसरतात. कोणी मोठ्या प्रेमाने आईच्या साड्यांचे गाठोडे आणून दिले, तर मावशी त्यातला एक दोरा उपसून काडीने पेटवितात: सूत असेल तर कागद जळाल्याचा वास येऊन भुरभुरीत राख पडते, नसेल तर टोकाशी काळा, कडक मणी जमतो. मणी जमला की त्या गाठोडे परत बांधतात, आणि साड्या आणणाऱ्या लेकीचे तोंड उतरते.

मी उठायच्या बेतात होतो, तोच डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचे बोचके घेतलेली बोहारीण गल्लीत आली. आपण जुने कपडे द्यावेत आणि तिने त्याबदली पातेले वा डबा द्यावा, हा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज; पण मावशींनी तिला उंबऱ्यात बसवून तिचेच बोचके सोडायला लावले, वरच्या झगमगीत साड्या बाजूला सारीत त्या तळाशी गेल्या, आणि एक विरलेले, किरमिजी काठांचे सुती पातळ हाती लागताच त्यांनी त्याचा पदर गालाला लावून पाहिला. बोहारणीनेही ते हेरले. घासाघीस बराच वेळ चालली; शेवटी मावशी आत गेल्या, फळीवरचा झाकणाचा स्टीलचा डबा त्यातली डाळ परातीत ओतून रिकामा केला, आणि तो बोहारणीच्या पाटीत ठेवून पातळ ताब्यात घेतले.